कापसाच्या ढिगावरून बर्फ : एका जलरंगचित्राचे प्रकरण

अमळनेर तालुक्यातील एका खेड्यात राहणाऱ्या आणि नुकताच एटीडी (कलाशिक्षक पदविका) पूर्ण केलेल्या माझ्या एका विद्यार्थ्याला मार्चच्या अखेरीस त्याच्या आयुष्यातील पहिले पैशांचे काम मिळाले. तालुक्याच्या गावी दवाखाना असलेल्या एका डॉक्टरांना आपल्या वेटिंग रूमसाठी हिवाळ्यातील सूर्यास्ताच्या वेळचे, बर्फाने झाकलेल्या जंगलाचे जलरंगातील चित्र हवे होते. कारण त्यांनी सरळच सांगितले होते : मे महिन्यात बाहेर पारा ४४-४५ अंशांवर असताना बाकावर बसलेल्या माणसाच्या निदान डोळ्यांना तरी गारवा वाटावा. आकार हाफ इंपिरियल, म्हणजे २२ बाय १५ इंच, आणि मुदत मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंतची होती.

हे काम पूर्ण होईपर्यंत चार कागद खर्ची पडले. त्यांपैकी तीन वाया गेले, पण प्रत्येक कागद वेगळ्या कारणाने वाया गेला, आणि म्हणूनच हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवावे असे मला वाटले. विद्यार्थ्याची स्वतःची समजूत अशी होती की त्याने बर्फ कधी पाहिलेला नाही, हीच त्याची खरी अडचण आहे. मला ती समजूत पहिल्यापासून पटत नव्हती. खान्देशात बर्फ पाहिलेले चित्रकार मोजकेच सापडतील. सातपुड्यात अक्कलकुव्याच्या डाब परिसरात कडाक्याच्या थंडीत दव गोठल्याच्या बातम्या अधूनमधून येतात, पण पहाटे गवतावर दिसणारा आणि ऊन चढताच नाहीसा होणारा तो पातळ पांढरा थर म्हणजे हिमाच्छादित अरण्य नव्हे. आणि ज्यांनी काश्मीर किंवा मनालीची सहल केली आहे, त्यांच्याही चित्रातला बर्फ पुष्कळदा चुन्यासारखाच दिसतो. तेव्हा न पाहण्यापलीकडे काहीतरी होते, आणि ते काय होते हे कळायला आम्हाला जवळजवळ तीन आठवडे लागले.

पहिला कागद

पहिले चित्र त्याने मोबाइलवरील एका छायाचित्रावरून केले. सूर्यास्ताचे छायाचित्र घेताना कॅमेरा आकाशाच्या उजेडावर बेतलेला असेल, तर झाडे आणि सावल्या जवळजवळ काळ्या येतात आणि त्यांतला रंग हरवतो. उलट संपूर्ण चौकट बर्फाने भरली असेल, तर कॅमेरा त्या पांढऱ्याला मधल्या करड्या छटेवर ओढू पाहतो. विद्यार्थ्याच्या हाती आलेले छायाचित्र पहिल्या प्रकारचे होते आणि त्यावर रंगांचा भडकपणा वाढवणारी प्रक्रियाही झालेली होती. त्याने ते इमानेइतबारे उतरवले. झाडे ट्यूबमधल्या काळ्या रंगाने भरली, बर्फाची जागा कोरी सोडली आणि वर नारिंगी-निळे आकाश केले. दुरून ते भिंतीवरच्या कॅलेंडरसारखे दिसत होते.

जवळून पाहिल्यावर तीन गोष्टी खटकल्या. पहिली आकाशातली. क्षितिजाजवळ लेमन यलो आणि वर प्रशियन ब्लू असे दोन रंग त्याने ओल्या कागदावर एकमेकांना भिडू दिले होते, त्यामुळे मधोमध पोपटी हिरव्या रंगाचा एक पट्टा तयार झाला होता. पिवळा आणि निळा भेटले की हिरवा होणारच. आकाशात मात्र तो हिरवा जवळजवळ कधीच तसा दिसत नाही. यावर जुना आणि सोपा उपाय असा की पिवळ्यानंतर गुलाबी आणि गुलाबीनंतरच निळा येऊ द्यायचा, म्हणजे पिवळा-गुलाबी मिळून नारिंगी होतो, गुलाबी-निळा मिळून जांभळट होतो आणि पिवळा व निळा एकमेकांना थेट शिवत नाहीत. वर्गात ही गोष्ट मी दरवर्षी सांगतो आणि दरवर्षी कुणाच्या तरी आकाशात पोपट उडतो.

दुसरी चूक सावल्यांची होती. सूर्य चित्राच्या मध्यभागी, झाडांच्या मागे मावळत होता आणि झाडांच्या सावल्या मात्र सगळ्या एका बाजूला, उजवीकडे, समांतर पडलेल्या होत्या. सूर्य समोर असेल तर सावल्या पाहणाऱ्याच्या दिशेने येतात आणि सूर्याखालच्या एका बिंदूतून निघाल्यासारख्या पंख्याप्रमाणे फाकत जातात. शिवाय त्या लांब असतात, आणि किती लांब याचा अंदाज आपल्याला सहसा नसतो. सूर्य क्षितिजापासून ५ अंश वर असेल तर सावली वस्तूच्या उंचीच्या सुमारे ११ पट पडते; १० मीटर उंचीच्या झाडाची सावली ११० मीटरच्याही पुढे जाते. उत्तरेकडच्या ६० अंश अक्षांशावर डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारी सूर्य जेमतेम ६-७ अंश वर येतो, म्हणजे तिथे दिवसभर संध्याकाळच्याच सावल्या असतात. त्याच दिवशी आपल्या जळगाव-धुळ्याकडे दुपारचा सूर्य ४५ अंशांच्या आसपास असतो आणि सावली वस्तूच्या उंचीएवढी पडते. विद्यार्थ्याने आपल्या शेतातल्या दुपारच्या सावल्या बर्फात नेऊन ठेवल्या होत्या.

तिसरी गोष्ट झाडांची. सूचिपर्णी जंगल म्हणून काढलेल्या त्या झाडांपैकी निम्म्या झाडांची चण कडुलिंबाची होती : बुंधा कमरेएवढ्या उंचीवर दुभंगलेला, फांद्या वर जाऊन पसरलेल्या. हात ज्या झाडावर वाढला तेच झाड तो काढतो. देवदार किंवा स्प्रूससारख्या झाडाचे खोड शेंड्यापर्यंत एकच जाते, फांद्या आडव्या किंवा किंचित खाली झुकलेल्या असतात आणि बर्फाच्या भाराने त्या आणखी झुकतात. बर्फ फांदीच्या वरच्या बाजूला साचतो. त्याने तो फांदीच्या दोन्ही बाजूंनी, किनारीसारखा लावला होता.

दुसरा कागद आणि आबांचे मत

दुसऱ्या चित्रात आकाश सुधारले, सावल्या योग्य दिशेला वळल्या, झाडे बरी झाली. परंतु कोरा सोडलेला बर्फ ‘रिकामा’ वाटतो म्हणून त्याने त्यावर पांढरा रंग चढवला. जलरंगात पांढरा रंग वर्ज्य आहे असे मी म्हणत नाही. जस्ताच्या भस्मापासून केलेला चायनीज व्हाइट १८३४ साली लंडनच्या विन्सर अँड न्यूटन या कंपनीने बाजारात आणला आणि तेव्हापासून कित्येक चांगल्या चित्रकारांनी तो शेवटच्या चार ठिपक्यांसाठी वापरला आहे. पण पारदर्शक जलरंगातला उजेड कागदातून येतो. प्रकाश रंगाच्या पातळ थरातून जाऊन कागदाला लागतो आणि परत त्याच थरातून बाहेर येतो. मध्ये अपारदर्शक पांढरा आला की ही वाट बंद होते आणि तो भाग खडूसारखा, मेल्यासारखा दिसू लागतो. तसेच झाले.

चित्र वाळत असताना विद्यार्थ्याचे आजोबा, म्हणजे आबा, ओट्यावरून आत आले, चष्मा सारखा करून त्यांनी ते बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, “हाऊ बरफ नही, हाऊ ते कापूस शे.” (हा बर्फ नाही, हा तर कापूस आहे.) त्याने हे मला दुसऱ्या दिवशी जरा खट्टू होऊन सांगितले. मला मात्र त्यात वाट सापडल्यासारखे वाटले. ज्या माणसाने साठ-सत्तर वर्षे कापूस वेचला, मोजला आणि विकला, त्याला एक सपाट, सावली नसलेला पांढरा ढीग कापसासारखा वाटावा हे स्वाभाविकच होते. पण खऱ्या कापसाच्या ढिगावर तरी सावली नसते का? मी त्याला विचारले, “तुमच्याकडे अजून कापूस आहे का घरात?” तो म्हणाला, “आहे ना सर, मधली खोली भरलेली आहे.”

बाहेरच्या वाचकासाठी इथे थोडे सांगितले पाहिजे. खान्देशात कापसाची वेचणी हिवाळ्यात होते, पण भाव वाढेल या आशेने पुष्कळ शेतकरी कापूस विकत नाहीत, घरात भरून ठेवतात. एप्रिल-मेपर्यंत माणसे ओसरीत आणि कापूस खोलीत अशी स्थिती असते. त्या कापसातल्या किड्यांनी अंगाला खाज सुटते, मुलांच्या अंगावर पुरळ उठते, तरी वाट पाहणे चालू राहते. विद्यार्थ्याच्या घरी तीच परिस्थिती होती, आणि एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात एकदाचा व्यापाऱ्याचा टेम्पो यायचा ठरला होता. मी त्याला सांगितले की कापूस अंगणात निघेल त्या संध्याकाळी मी येतो, आणि टेम्पो भरायची घाई जरा उशिरा सुरू झाली तर बरे.

अंगणातला ढीग

मी पोहोचलो तेव्हा साडेसहा वाजायला आले होते. ताडपत्रीवर कापसाचा पुरुषभर उंचीचा ढीग पडला होता, त्याच्या मागे पश्चिमेला मोकळे शेत आणि शेताच्या बांधावर दोन बाभळी. आम्ही पूर्वेच्या बाजूला, ढीग आपल्या आणि सूर्याच्या मध्ये येईल असे उभे राहिलो. विद्यार्थ्याला मी विचारले की या दृश्यात सर्वांत उजळ काय आहे. त्याने क्षणाचाही विचार न करता कापूस असे उत्तर दिले.

एका जुन्या लग्नपत्रिकेचा जाड कागद मी खिशात नेला होता. त्याला पंचिंग मशीनने चार बोटांच्या अंतरावर दोन भोके पाडली होती. मी त्याला तो कागद हातभर लांब धरून एका भोकातून ढिगाचा आपल्याकडचा भाग आणि दुसऱ्यातून क्षितिजाजवळचे आकाश दिसेल असे एक डोळा मिटून पाहायला सांगितले. त्याने पाहिले, कागद खाली घेतला, पुन्हा पाहिले. एका भोकात पिवळसर नारिंगी उजेड भरलेला होता आणि दुसऱ्यात, जिथे पांढरा कापूस असायला हवा होता तिथे, राखी-निळसर, बऱ्यापैकी गडद असा एक गोल होता. “सर, हा पांढरा नाहीच,” तो म्हणाला. ढिगाच्या कडेला मात्र, जिथे कापसाचे तंतू विरळ होते, तिथून उजेड आरपार येत होता आणि बोटभर रुंदीची सोनेरी किनार पेटल्यासारखी दिसत होती. सगळ्या ढिगात खरोखर उजळ एवढाच भाग होता.

या प्रकरणाचा सगळा गाभा या एका निरीक्षणात आहे, म्हणून त्यावर जरा थांबतो. ताजा बर्फ त्याच्यावर पडणाऱ्या उजेडापैकी ८० ते ९० टक्के उजेड परत फेकतो, हे खरे. पण तो परत काय फेकणार, तर जे त्याच्यावर पडते तेच. मावळता सूर्य समोर असेल तर आपल्याकडे तोंड केलेल्या बर्फाच्या उतारावर सूर्याचा थेट उजेड पडतच नाही. त्याच्यावर पडतो तो आपल्या पाठीमागच्या, पूर्वेकडच्या आकाशाचा उजेड, आणि ते आकाश त्या वेळी निळे-जांभळे असते. म्हणून सावलीतला बर्फ निळा दिसतो. सूर्याकडे तोंड असलेल्या उतारावर मात्र पिवळा-गुलाबी उजेड पडतो, कारण क्षितिजाजवळच्या सूर्याचे किरण हवेच्या कितीतरी जाड थरातून तिरपे येतात आणि वाटेत त्यांतला निळा भाग विखरून जातो. तोच विखुरलेला निळा आकाशातून सावलीत उतरतो. बर्फावरचे दोन्ही रंग एकाच सूर्याचे आहेत. एक थेट आलेला, दुसरा वळसा घालून आलेला.

यातून चित्रकाराला दोन गोष्टी मिळतात. बर्फासाठी वेगळा रंग लागत नाही, आकाशात वापरलेले तीन रंगच खाली वापरायचे. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, समोर सूर्य असलेल्या दृश्यात बर्फ हा चित्रातला सर्वांत उजळ भाग नसतो. क्षितिजाजवळचे आकाश त्याहून उजळ असते आणि कोरा कागद राखायचा तो फक्त किनारींसाठी. विद्यार्थ्याने दोन्ही चित्रांत ‘बर्फ पांढरा असतो’ हे जे माहीत होते ते रंगवले होते, डोळ्यांना दिसले असते ते नाही. बर्फ न पाहणे ही अडचण असती तर कापसाचा ढीग त्याने जन्मापासून पाहिलेला होता. त्याचीही सावलीतली बाजू निळसर असते हे त्याला त्या संध्याकाळपर्यंत ठाऊक नव्हते. मलाही त्याच्या वयात ठाऊक नव्हते.

कापसाची उपमा कुठपर्यंत ताणायची हेही आम्ही तिथेच बोललो. कापूस जरा पिवळट असतो, बर्फ नसतो. आपल्याकडच्या एप्रिलच्या हवेत धूळ इतकी असते की पूर्वेचे आकाश निळे न राहता मातकट होते, त्यामुळे ढिगाच्या सावलीतली निळी झाक मंद दिसत होती. बर्फ पडून गेल्यावरची हवा स्वच्छ असते, तिथे हीच झाक कितीतरी ठसठशीत असते. कापसाचा ढीग खडबडीत, बर्फाचा उतार वाऱ्याने घासून गुळगुळीत झालेला. आणि सूर्यास्ताचा वेग वेगळा. आमच्यासमोर सूर्य बांधाखाली गेल्यावर जेमतेम पंचवीस मिनिटांत रंग विझले. ६० अंश अक्षांशावर हिवाळ्यात सूर्य क्षितिजाला अगदी तिरपा भिडतो, आणि हाच संधिप्रकाश आपल्या दुपटीहून अधिक वेळ टिकतो. तिथला चित्रकार उभा राहून रंगवू शकतो. आपल्याला पळत रंगवावे लागते. तेवढ्यात टेम्पोवाल्याने हॉर्न वाजवला आणि आमचा बर्फ गाठोड्यांत भरला जाऊ लागला.

घरातल्या वस्तूंवरून दूरचे दृश्य उभे करणे ही खान्देशाला नवी गोष्ट नाही, हे मी त्याला परतताना सांगितले. चाळीसगावचे छायाचित्रकार केकी मूस वर्षानुवर्षे आपल्या घराबाहेर क्वचितच पडले, आणि टेबलावर रोजच्या वापरातल्या वस्तू मांडून त्यांनी अशी छायाचित्रे काढली की पाहणाऱ्याला ती बाहेरची निसर्गदृश्ये वाटावीत. त्यांचे घर आता संग्रहालय आहे. विद्यार्थी चाळीसगाववरून रेल्वेने कितीतरी वेळा गेला होता, पण तिथे उतरला नव्हता.

तिसरा कागद : हवेची अडचण

तिसऱ्या चित्राच्या वेळी समज पक्की होती, आणि तरी कागद वाया गेला. दोष या वेळी हवेचा होता.

जलरंगातील मऊ आकाश आणि धुक्यात विरघळलेली दूरची झाडे ओल्यावर ओले काम करूनच साधतात. कागदावर पाणी मारल्यावर आधी तो आरशासारखा चमकतो, मग चमक मंदावते, मग नाहीशी होते. चमक पूर्ण असताना लावलेला रंग पसरून ओळखू येईनासा होतो. चमक मावळत असताना लावलेला रंग मऊ कडा धरून जागेवर राहतो. आणि कागद अर्धवट वाळल्यावर जास्त पाण्याचा ब्रश टेकवला तर ते पाणी आधीचा रंग ढकलून फुलकोबीच्या कडेसारखा डाग पाडते. या मधल्या अवस्थेसाठी दमट किंवा थंड हवेत चांगला वेळ मिळतो. एप्रिलच्या दुपारी, पत्र्याच्या खोलीत, कूलर समोर चालू असताना, आमच्या विद्यार्थ्याला तो मिळाला नाही. आकाशाचा वरचा निळा पट्टा उतरवून होईपर्यंत खालचा पिवळा वाळून त्याला कडक रेघ पडली होती. ती पुसायला गेल्यावर फुलकोबी उगवला.

दुसरे नुकसान मास्किंग फ्लुइडने केले. बर्फाच्या सोनेरी किनारी आणि फांद्यांवरचे बर्फाचे थर कोरे राखण्यासाठी त्याने ते लावले होते, हे योग्यच होते. हा रबराचा चीक असतो, त्याला अमोनियाचा उग्र वास येतो, आणि वाळल्यावर तो बोटाने घासून काढायचा असतो. पण त्याने तो लावून कागद दोन दिवस त्याच पत्र्याच्या खोलीत ठेवला. उष्णतेने चीक कागदाला इतका घट्ट बसला की काढताना कागदाची साल निघाली. साल निघालेल्या जागी रंग शाईसारखा शोषला जातो आणि बर्फाच्या कडेला काळपट जखम दिसते. त्याचा कागद लाकडाच्या लगद्याचा होता. शंभर टक्के सुती कागद असता तर कदाचित तगला असता, पण मी त्यावर पैज लावणार नाही.

चौथा कागद

चौथ्या वेळी आम्ही कामाची वेळच बदलली. विद्यार्थी पहाटे साडेचारला माझ्याकडे आला. माझ्या घरची खालची खोली मातीच्या भिंतींची आहे, तिथे त्या वेळी हवा गार असते. पंखा आणि कूलर बंद ठेवले. कूलरने हवेत ओल येते हे खरे, पण त्याचा वारा ती ओल कागदावर टिकू देत नाही. दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा सुती, मध्यम पोताचा कागद आम्ही बादलीत बुडवून दोन्ही बाजूंनी भिजवला आणि काचेवर पसरला. काच पाणी शोषत नाही, त्यामुळे कागदाला खालून ओल मिळत राहते आणि चमक कितीतरी जास्त वेळ टिकते. रंगाच्या पाण्यात मेडिकलमधून आणलेल्या ग्लिसरीनचे काही थेंब टाकले. ग्लिसरीनने वाळणे लांबते, मात्र हात सैल सुटला तर चित्र चिकट राहते आणि पावसाळ्यात त्याला बुरशी यायला निमित्त होते, म्हणून थेंब मोजून टाकायचे.

रंग चारच ठेवले : यलो ओकर (मातकट पिवळा), क्विनाक्रिडोन रोझ (गुलाबी), अल्ट्रामरीन (निळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी). काळ्याची ट्यूब मी माझ्या टेबलाच्या खणात ठेवून दिली. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना दाट मिसळले की काळ्याहून बरा काळा मिळतो, कारण तो कधी निळ्याकडे, कधी तपकिरीकडे झुकवता येतो. शिवाय अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खळग्यांत बसून जी रवाळ छटा देतात, ती सावलीतल्या बर्फाला फार साजते. लाल रंगासाठी अलिझरीन क्रिमसन टाळला, कारण तो उजेडात उडतो, आणि हे चित्र दवाखान्याच्या भिंतीवर वर्षानुवर्षे राहायचे होते.

त्याने क्षितिजाच्या जरा वरून ओकर सुरू केला, त्यावर गुलाबी, त्यावर अल्ट्रामरीन. आणि हात न थांबवता तेच रंग उलट्या क्रमाने, निम्म्याहून पातळ करून, खाली बर्फाच्या जागेत उतरवले. सूर्याखालच्या वाटेवर आणि तीन ठिकाणच्या किनारींवर कागद कोरा राखला, या वेळी मास्किंग न लावता, केवळ ब्रश वळवून. चमक मावळू लागली तशी राखी-जांभळी दूरची झाडे उभ्या ब्रशने टेकवली. त्यांच्या कडा आपोआप धूसर झाल्या. इथे तो थांबायला तयार नव्हता आणि मी त्याचा ब्रश काढून घेतला. कागद पूर्ण वाळेपर्यंत आम्ही चहा घेतला.

सावल्या शेवटी आणि एकेका फटक्यात. अल्ट्रामरीनमध्ये थोडा गुलाबी घालून, सूर्याखालच्या बिंदूतून पाहणाऱ्याकडे फाकत येणाऱ्या, जमिनीच्या चढउतारावर वळत जाणाऱ्या. जमीन जिथे फुगीर तिथे सावलीची रेघ वर उचलली जाते, जिथे खोल तिथे खाली बसते, आणि बर्फाचा उतार गुळगुळीत पांढरा असल्यामुळे त्याचा आकार पाहणाऱ्याला कळतो तो जवळजवळ फक्त या रेघांवरून. नवशिके याच जागी उतारावर भाराभर निळे ठिगळ मारतात. पुढच्या दोन खोडांना दाट काळपट रंग आणि त्यांच्या सूर्याकडच्या कडेला कोरड्या ब्रशने बर्न्ट सिएना. एका खोडाच्या बुंध्याशी त्याने बर्फाला लहानसा खळगा दाखवला, कारण दाट सूचिपर्णी झाडाखाली बर्फ कमी साचतो. हे मी सांगितले नव्हते, त्याने कुठेतरी वाचले होते. आठ वाजता ऊन खिडकीत आले तेव्हा काम संपले होते.

चित्र निर्दोष झाले असे नाही. उजव्या कोपऱ्यातील एक सावली मध्येच तुटली आहे, तिथे ब्रशमधले पाणी संपले. आकाशात डावीकडे एक छोटा फुलकोबी राहिलाच. आम्ही तो ढगाला देऊन टाकला. वाळल्यावर जलरंग फिकट होतो हे माहीत असूनही सावल्या मला हव्या होत्या त्याहून एक पायरी उजळ आल्या, आणि त्यांवर दुसरा हात चढवायचा मोह मी त्याला आवरायला लावला, कारण दुसऱ्या हातात पारदर्शकता जाते. मोबाइलवर चित्राचे कृष्णधवल छायाचित्र घेऊन पाहिले तेव्हा मात्र क्रम बरोबर होता : सर्वांत उजळ आकाश आणि किनारी, मग सावलीतला बर्फ, मग दूरची झाडे, शेवटी खोडे.

पोहोचवताना मी सोबत गेलो. डॉक्टरांनी चित्र हातात धरून पाहिले आणि त्यांचा पहिला प्रश्न अपेक्षित तोच होता, “बर्फ जरा निळा नाही का झाला?” विद्यार्थ्याने उत्तर देण्याऐवजी चित्र घेतले आणि वेटिंग रूमच्या दुसऱ्या टोकाला, बाकाजवळ नेऊन धरले. डॉक्टर तिथून बघत राहिले आणि म्हणाले की लांबून पांढरा दिसतो. त्यांनी ठरलेले पैसे तिथेच दिले.

एक गोष्ट मात्र पुन्हा जाऊन सुधारावी लागली. चित्र पश्चिमेच्या खिडकीसमोरच्या भिंतीवर लावले होते, जिथे दुपारी तीन ते सहा थेट ऊन पडत होते, आणि फ्रेमवाल्याने काच कागदाला टेकवून बसवली होती. पावसाळ्यात काचेच्या आत ओल धरली तर रंग काचेला चिकटतो. आम्ही मधे जाड माउंट, म्हणजे पुठ्ठ्याची चौकट, घालून काच कागदापासून सुटी करून घेतली आणि चित्र उत्तरेच्या भिंतीवर, पाण्याच्या माठाच्या वर, हलवले. दुसऱ्या कागदावरचे, आबांनी कापूस ठरवलेले चित्र विद्यार्थ्याने फाडले नाही. ते आबांच्या खाटेच्या डोक्याशी, मधल्या रिकाम्या झालेल्या खोलीत लावलेले आहे.